फक्त काजं-बटनं राहिलीत

बारामतीत कुणालाबी इचारा, शांतवन टेलरची बायको कशी हाय? सांगतील, "बाई चांगली हाय, पर आळशी." मी आळशी! पाच वाजता उठून, घर आवरून, छकुलीचा डबा भरून साडेनवाला दुकानात सुई घिऊन बसणारी मी, सारजा, आन् मी आळशी! आजवर गप बसले. आता बोलणार हाय, आन् पयल्यापसनं बोलणार हाय.

आमचं दुकान एस्टी स्टँडामागच्या बोळात. कापायचं आन् शिवायचं काम ह्येंचं, म्हंजी आमच्या मालकाचं. माज्याकडं शेवटचं काम. काजं करायची, बटनं लावायची, हातशिलाई घालायची. माणूस हाताचा कलाकार. त्यांनी शिवल्याला सदरा घातला, की गिऱ्हाईक आरशापुढनं हलत न्हाय. खोट एकच, तोंडातनं 'न्हाय' हा शब्द निघत न्हाय. आईबापानं नाव ठिवलं शांतवन, आन् ह्ये आल्यागेल्याचं शांतवन करत बसत्यात. समोरच्याचा चेहरा पडल्याला त्यांना बगवत न्हाय. मंग काय करत्यात? थाप मारत्यात.

आन् थाप तरी वेगवेगळी मारावी! वीस वर्सं झाली, एकच थाप.

"झालंय की! फक्त काजं-बटनं राहिलीत. ती मंडळीकडं हायेत. उद्या या."

मंडळी म्हंजी मी. कापड असतंय पिशवीत, पिशवी फळीवर, आन् फळीवर बोटभर धूळ. कापडाला कात्री लागल्याली नसती आन् म्हणं काजं राहिलीत! गिऱ्हाईक माज्याकडं बगतंय. वरनं खालपत्तोर बगतंय. मी मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचं तरी बटन लावत असते. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून गिळलं. वीस वर्सं गिळलं.

तुमी म्हणाल, देवाला भ्यायचं न्हाय का माणसानं? अवो, भित्यात की! आमी ख्रिस्ती माणसं. ह्ये एक रविवार उपासना चुकवत न्हाईत. आन् दर साली ईस्टरच्या आदीच्या उपवासकाळात ह्येंचा पश्चात्ताप ठरल्याला. पुढं जात्यात, गुडघ्यावर बसत्यात, आन् "प्रभू, मी खोटारडा हाय" म्हणून असं रडत्यात, की बगणाऱ्याचं काळीज हालतं. एका साली त्यांचं रडणं ऐकून मागच्या बाकावरच्या दोगांनी दारू सोडली. खरंच सोडली, अजून पीत न्हाईत. आन् आमचं मालक? सोमवारी साडेनवाला दुकान उघडलं, पयलं गिऱ्हाईक आलं, आन् ह्ये हसून म्हणले, "झालंय की! फक्त काजं-बटनं राहिलीत."

मी कपाळाला हात लावला.

खुद्द पाळकसाहेबांचा झगा नाताळापसनं आमच्या फळीवर पडलाय. ज्यांच्यापुढं रडायचं, त्यांनाच थाप! साहेब पयल्यांदा इचारायला आले तवा ह्ये म्हणले, "साहेब, काजं-बटनं मंडळीकडं हायेत." आता आमच्यात मंडळी म्हंजी बायको, आन् मंडळी म्हंजी आख्खं चर्चबी. पाळकसाहेब गोंधळले. म्हणाले, "मंडळीकडे? चर्चनं काही द्यायचं राहिलंय का, शांतवन?" मी हसू दाबलं. तवा हसू आलं, पर पुढं ह्योच शब्द कसा नडणार हाय ते मला ठावं न्हवतं.

आवंदा उपवासकाळात बुधवारी बायकांची प्रार्थना हुती. रेश्माताई, म्हंजी पाळकसाहेबांची बायको, प्रार्थना चालवत हुत्या. त्यांचंबी एक झंपर दिवाळीपसनं आमच्याकडं. समद्यांसाठी प्रार्थना झाली. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाची सून. आन् मंग रेश्माताई लई मायेनं म्हणाल्या, "प्रभू, आमची सारजाबहीण तुझ्यापुढं आणते. तिच्या हातांना चपळाई दे. तिच्या आळसाचं बंधन तोडून टाक."

बारा बाया म्हणल्या, "आमेन."

मी काय करणार? मीबी म्हणलं, "आमेन."

घरी येईपत्तोर अंगाचा नुसता भडका झाला हुता. आन् वाईटबी लई वाटत हुतं, कारण मला आईची आठवण झाली. माजी आई इंदापूरला ऱ्हायची. दोन वर्सं झाली तिला जाऊन. शेवटच्या नाताळात भेटायला गेले, तर माज्या हातावरनं हात फिरवत म्हणली, "असू दे गं सारजे, तुला तरी कुठं येळ हाय." मला वाटलं, इंदापूरला माजं येणं हुत न्हाय त्यावरनं बोलली. ते बोलणं काट्यावानी आत ऱ्हायलं. पुढचा ईस्टर तिनं बगितलाच न्हाय. म्हंजी आईलाबी मी कामचुकारच वाटले, आन् आता बारा बायांनी त्यावर आमेन म्हणलं.

ह्ये जेवायला बसले तवा मी ताट आपटलं आन् समदं सांगितलं. ह्येंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "चुकलं माजं, सारजे…"

"रडायचं न्हाय!" मी म्हणलं. "एक टिपूस काढायचं न्हाय! वीस वर्सं बगतीय मी तुमचं रडणं. मला माजं नाव परत पायजे. एका गिऱ्हाइकाला, एकाच, तोंडावर खरं सांगा. सांगा, की सारजाकडं काय न्हवतं, मीच कापड कापलं न्हाय. तोवर माजी सुई बंद."

"रविवारी साक्ष देतो मी चर्चमधी…"

"साक्ष न्हवं! गिऱ्हाईक!"

दुसऱ्या दिवशी, बिस्तरवारपसनं मी दुकानात हाताची घडी घालून बसले. गंमत बगा, त्या दिवसांत पयल्यांदाच ती थाप खरी झाली. दोन शर्ट शिवून तयार, आन् खरोखर काजं-बटनं तेवढी राहिली!

शनिवारी पिंपळीचे आप्पासाहेब आले. ऊसवाला माणूस, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या पोराचा, दिग्विजयचा साखरपुडा पुढच्या गुरवारी, आन् त्याचं जाकीट शिवायला दिल्याल्याला दोन म्हयनं झालं हुतं. त्यांची ही पाचवी खेप.

"टेलर, काय झालं आमच्या जाकिटाचं?"

ह्येंनी माज्याकडं बगितलं. मी ह्येंच्याकडं बगितलं. फळीवर पिशवी, पिशवीत कापड, घडीसुदिक मोडल्याली न्हवती. मी मनात म्हणलं, बोला, आता बोला. ह्येंनी गळ्यातला टेप काढून ठिवला. "आप्पासाहेब, त्ये जाकीट… म्हंजी कसं हाय…"

आप्पासाहेबांचा चेहरा पडायला लागला. मिशासुदिक खाली आल्या. आन् आमच्या मालकाला ते सोसलं न्हाय.

"…झालंय की! फक्त काजं-बटनं राहिलीत. मंडळीकडं हायेत. उद्या या."

मी उठले, चप्पल घातली आन् घरी गेले. मागं वळून बगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधी मी बायकांच्या बाजूला, ह्ये पुरुषांच्या. आमचं बोलणं बंद. पाळकसाहेबांनी इचारलं, कुणाला साक्ष द्यायची हाय का? आन् ह्ये उठले! पुढं गेले, गुडघ्यावर बसले. मी छकुलीच्या कानात म्हणलं, "झालं सुरू तुज्या बापाचं."

"बंधूभगिनींनो," ह्ये हुंदका देत म्हणले, "वीस वर्सं मी खोट्याच्या बंधनात हुतो. आज प्रभूनं मला सोडवलंय…"

रुमाल निघाले. मागं कुणीतरी नाक शिंकरलं. आन् तेवढ्यात दारातनं मोठा आवाज आला.

"रामराम मंडळी!"

आप्पासाहेब! झालं असं, की माणूस सांगितल्याप्रमाणं 'उद्या' आला. रविवार, दुकान बंद. शेजारी सिद्धूचं सायकलचं दुकान, त्याला इचारलं, टेलर कुठं हाय? सिद्धू म्हणला, "टेलर व्हय? मंडळीत गेल्यात." आप्पासाहेबांनी इचार केला, काजं-बटनं मंडळीकडं हायेत, टेलरबी मंडळीत गेलाय, म्हंजी जाकीट तितंच असणार. पत्ता इचारत आले. दारात चपला काढल्या, टोपी सरळ केली, आन् आत येऊन हात जोडून म्हणले, "देवाच्या कामात खोळंबा करतोय, माफी असावी. पर हितं काजं-बटनं कोण करतंय?"

 चर्चमधली एकेक मान माज्याकडं वळली. रेश्माताईंनी तर डोळं मिटले. बहुतेक परत माज्या हातांसाठी प्रार्थना चालू केली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. छकुलीनं माजा पदर धरला. मी आप्पासाहेबांकडं बगितलं न्हाय. मी बगितलं पुढं गुडघ्यावर बसल्याल्या माज्या नवऱ्याकडं, आन् मनात म्हणलं, आज जर का तुमी थाप मारली, तर ह्या जन्मात मी तुमच्यासाठी सुई हातात धरणार न्हाय.

ह्येंचं तोंड उघडं. मला त्या ओठांची सवय हाय, 'झालंय की'मधला 'झा' तितं तयार हुता, मला दिसला.

पाळकसाहेब खाली उतरले. सावकाश ह्येंच्या खांद्यावर हात ठिवला. पाळकसाहेबांचे वडील मिरजेला शिवणकाम करायचे, त्येंना धंद्यातलं कळतं. सुती कापड आटू नये म्हणून कापायच्या आदी आमी पाण्यात भिजत घालतो, तेवढंच धरून ते हळूच म्हणाले, "शांतवन, किती वर्षं कापड नुसतं भिजवत बसणार? कात्री लावा आता."

ह्ये उठून उभं राहिले. बाहीनं तोंड पुसलं. आन् आप्पासाहेबांच्या तोंडाकडं बगून म्हणले,

"आप्पासाहेब, कापड कापल्यालं न्हाय."

"आं?"

"पिशवीतच हाय. तुमी दिलं तसंच. सारजाकडं काजं-बटनं कदीच न्हवती. तुमची न्हवती, आन् कुणाचीच न्हवती. मी खोटं सांगत हुतो."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. चांगला पडला. ह्ये तितंच उभं, पर नजर हलवली न्हाय.  आन् मंग तो पडल्याला चेहरा आपलाआपण वर आला.

"आरं मंग आदीच सांगायचं न्हाय व्हय, शहाण्या! पाच खेपा झाल्या माज्या! ऊसतोडीच्या येळंला! बरं, गुरवारपत्तोर हुतंय का, एवढं बोल."

"न्हाय हुत," ह्ये म्हणले.

'न्हाय'! लग्नानंतर पयल्यांदा मी ह्येंना गिऱ्हाइकाच्या मागणीला नकार देताना ऐकलं. ह्येबी असे दचकले, की दुसऱ्याच कुणीतरी बोललंय.

"मंग दिग्विजयला तयार जाकीट घितो. ह्ये तू सावकाश लग्नाला शिव. पर तारीख खरी सांग, बाबा." एवढं बोलून आप्पासाहेब समद्यांना हात जोडून गेले. पुरुषांच्या बाकावर एकजण हसू दाबत हुता.

पाळकसाहेब खाकरले. "आणि शांतवन… माझा झगा?"

"कापला न्हाय, साहेब."

"माझा ब्लाऊज?" रेश्माताईंच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाय, ताई."

मंग काय! मागनं एक हात वर आला, डावीकडनं दोन. कुणाचा परकर, कुणाची पँट, कुणाच्या नातवाचा बाप्तिस्म्याचा अंगरखा, आन् तो नातू आता बालवाडीत जातोय. ह्ये एकेकाला तोंडावर सांगत गेले. न्हाय. न्हाय. न्हाय कापलं. डोळ्यांत टिपूस न्हवतं. अशी उपासना आमच्या चर्चमधी आदी कदी झाली न्हवती.

बाहेर पडताना रेश्माताई शरमेनं लाल हुऊन माज्याकडं आल्या. "सारजाबहिणी, बुधवारची ती प्रार्थना…"

"असू द्या," मी म्हणलं. "प्रार्थना ऐकली गेली. पत्ता तेवढा चुकला हुता."

मी घरी उडतच आले म्हणा! शिरा केला, तूप सोडून. माजं नाव मला परत मिळालं हुतं, त्येबी चारचौघांत. पर ह्येंनी ताटाला हात लावला न्हाय.

"काय झालं आता? सुटला की तुमी!"

"सारजे, अजून एक पिशवी हाय."

उठले, पलंगाखालची पेटी वढली, तळातनं एक पिशवी काढली. आत पांढरं कापड, त्यावर बारीक जांभळं ठिपकं.

"ह्ये कुणाचं?"

"आईचं. तुज्या."

कापड कसं आलं त्ये ह्येंनी सांगितलं. आईची बोटं संधिवातानं वाकडी झाल्याली, हुक लागायचं न्हाईत. म्हणून तिला पुढनं पाच मोठ्या बटनांचं झंपर पायजे हुतं, नाताळाला घालायला. जावयाकडं कापड दिलं हुतं. मला बोलली न्हाय, कारण मला कशाला तरास.

"ती इचारायची तुमाला?"

"दर आठवड्याला फोन करायची."

"काय सांगायचा तुमी?"

ह्येंनी माज्या तोंडाकडं बगितलं. ह्या येळंला रडले न्हाईत. "जे समद्यांना सांगायचो त्येच. आई, झालंय. फक्त काजं-बटनं राहिलीत. ती सारजाकडं हायेत."

असू दे गं सारजे, तुला तरी कुठं येळ हाय.

इंदापूरला येण्याचं न्हवतं ते. पाच बटनांचं हुतं. माज्या आईला वाटलं, पोरीला आईची पाच बटनं लावायलाबी येळ न्हाय. आन् तसंच मनात धरून ती गेली, वर मला म्हणली, असू दे.

मी छकुलीला शेजारी धाडली आन् मंग बोलले. काय बोलले ते हितं सांगत न्हाय. मंग रडले. बोलून झालं, रडून झालं, परत बोलले. ह्ये भितीला टेकून समदं ऐकत हुते. मधी एकदासुदिक "चुकलं" म्हणले न्हाईत, शांतवन तर केलंच न्हाय.

"कशाला सांगितलं मला?" मी इचारलं. "कदी कळलं नसतं मला. मेल्याल्या माणसाचं कापड, कोण इचारणार हुतं?"

"सकाळी लोक म्हणत हुते, टेलरनं समदं सांगून टाकलं," ह्ये म्हणले. "म्हणून. समदं सांगितलं न्हवतं."

लई येळानं मी कापड उचललं, त्यांच्या मांडीवर टाकलं. "कापा."

"आत्ता?"

"आज रविवार. उद्या."

तोंडातनं उद्या निघालं आन् माजं मलाच कसंतरी झालं. पर सोमवारी उजाडायला ह्येंनी कापड भिजत घातलं, दारातल्या दोरीवर वाळवलं, इस्त्री केली, आन् दुकान उघडल्यावर फळीकडं न बगता पयली कात्री त्यालाच लावली. मापाच्या जुन्या वहीत आईचं माप हुतं. मी म्हणलं, तिच्याच मापानं शिवा, मला बसलं तर बसलं. दुपारी झंपर माज्या हातात. काजं-बटनं राहिली.

ह्ये काय लगीच साधू झाले असं समजू नका. मंगळवारी एक कॉलेजची पोरगी आली, तिचं तोंड एवढंसं झालं, आन् ह्येंच्या तोंडातनं "फक्त का…" निघालंच. ती गेली. आन् ह्ये एकदम उठून पळाले, टेप गळ्यात तसाच. स्टँडावर एस्टी निघत हुती. खिडकीला हात मारत मारत म्हणले, "पोरी, न्हाय कापलं! तुजं कापलं न्हाय!" गाडीतली माणसं घाबरली. कंडक्टर म्हणला, "काका, काय कापलं न्हाय?" पर ती पोरगी हसली म्हणं. चेहरा पडूनसुदिक हसली.

मी मातर हसत न्हवते. रोज एक काज करत हुते, जास्त न्हाय. आईच्या झंपराला घाई कसली? एक टाका घालायचा, आन् तिच्याशी चार शब्द बोलायचं. सांगायचं, आई, बग, येळ हुता मला. मला कुणी सांगितलंच न्हाय गं.

बिस्तरवारी तिसरं काज झालं. ह्ये मशिनीवर हुते, पाळकसाहेबांच्या झग्याची बाही जोडत. मशीन थांबवलं. माज्याकडं बगितलं न्हाय, चाकावर हात ठिवून इचारलं, "सारजे, माफ केलंस का मला?"

मी दातानं दोरा तोडला. झंपर उजेडात धरून बगितलं. तीन काजं झाल्याली, दोन बाकी.

"केलंय," मी म्हणलं. "फक्त काजं-बटनं राहिलीत."

 ह्येंनी मान हलवली आन् मशीन सुरू करता करता म्हणले, "मंडळीकडं हायेत न्हवं? मंग हुतील."